भावार्थाची सनद

अमेरिकेतील शिकागो शहराच्या पश्चिमेस व्हीटन नावाचे एक गाव आहे, आणि त्या गावाहून रोज आगगाडीने शिकागोस जाऊन एका ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेची कचेरी सांभाळणारा केनेथ टेलर हा गृहस्थ दहा मुलांचा बाप होता, ही गोष्ट चरित्रातील एक किरकोळ तपशील म्हणून नव्हे, तर एका ग्रंथाच्या जन्माचे मूळ कारण म्हणून आरंभीच नमूद केली पाहिजे. मुलांना भोवती बसवून शास्त्रपठण करण्याचा त्याच्या घरी परिपाठ होता. परंतु पाठ होई तो १६११ साली सिद्ध झालेल्या किंग जेम्स आवृत्तीच्या वळणाच्या इंग्रजीत, आणि वाचलेल्या उताऱ्यावर बापाने प्रश्न विचारला की मुले निरुत्तर होत. तोच उतारा त्याने घरात नित्य बोलल्या जाणाऱ्या भाषेत, स्वतःच्या शब्दांत मांडून दाखवला की मात्र त्यांना उत्तरे सुचत. या अनुभवातून त्याने १९५० नंतरच्या दशकात, आगगाडीच्या प्रवासाचा वेळ सत्कारणी लावून, १९०१ सालची अमेरिकन स्टँडर्ड आवृत्ती समोर ठेवली आणि नव्या करारातील प्रेषितांची पत्रे एकेक वाक्य घेऊन सोप्या इंग्रजीत उतरवण्यास प्रारंभ केला. पत्रे पूर्ण झाली, पण प्रकाशक मिळेना. तेव्हा १९६२ मध्ये त्याने पदरमोड करून ‘लिव्हिंग लेटर्स’ या नावाने २,००० प्रती छापल्या, आणि आपल्या नव्या प्रकाशनसंस्थेस विल्यम टिंडेल याचे नाव दिले, ज्या टिंडेलला शास्त्राचे इंग्रजी भाषांतर केल्याबद्दल १५३६ मध्ये प्राणदंड भोगावा लागला होता. पुढल्याच वर्षी सुप्रसिद्ध प्रवचनकार बिली ग्रॅहम याने दूरचित्रवाणीवरील आपल्या सभांच्या द्वारे हे पुस्तक मागेल त्याला देऊ केले आणि मागणी लाखांवर गेली. १९७१ साली संपूर्ण ‘लिव्हिंग बायबल’ हिरव्या वेष्टनात प्रसिद्ध झाले; १९७२ आणि १९७३ अशी लागोपाठ दोन वर्षे ललितेतर ग्रंथांत त्याचा खप अमेरिकेत सर्वाधिक होता, आणि कालांतराने एकूण प्रतींची संख्या चार कोटींच्या घरात गेली.

इतक्या वाचकांनी एखादे पुस्तक हाती घेतले म्हणजे त्याविषयी मते उमटणारच. परंतु लिव्हिंग बायबल आणि त्याच्या आधी व नंतर निघालेली त्याच जातीची रूपांतरे यांच्याविषयी इंग्रजी वाचकांनी जी मते मांडली, जे ऋण मानले, ज्या तक्रारी केल्या आणि प्रसंगी जे कडू वाद घातले, त्यांत लक्ष घातल्यावर असे दिसू लागते, की हा वाद वरवर पाहता भाषेच्या सोपेपणाचा असला तरी मुळात मुखत्यारीचा आहे. शास्त्राचा अर्थ मी माझ्या शब्दांत सांगतो असे म्हणणाऱ्या माणसाला ती सनद कोणी दिली, तिची हद्द कोणती, आणि त्या हद्दीची वर्दी त्याने वाचकाला दिली आहे की नाही, हे खरे प्रश्न होत. माझे मत प्रथमच सांगून टाकतो: भावानुवादकाने किती स्वातंत्र्य घेतले यावरून त्याचा न्याय करू नये, घेतलेले स्वातंत्र्य त्याने उघड केले की झाकले, यावरून करावा.

टेलरच्या पक्षी एक गोष्ट निर्विवाद आहे. त्याने मुखपृष्ठाआडच्या मजकुरात काहीही लपवले नाही. हा भावानुवाद आहे, शब्दशः भाषांतर नव्हे, हे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट सांगितले. अभ्यासासाठी वापरावयाचा झाल्यास तो एखाद्या काटेकोर भाषांतराशी ताडून पाहावा असा सल्लाही दिला. आणि याहून पुढे जाऊन, मूळ हिब्रू किंवा ग्रीक वचन जिथे संदिग्ध असेल तिथे रूपांतरकाराची धर्ममते हीच त्याची मार्गदर्शक होतात, आणि आपल्या बाबतीत ती कठोर इव्हँजेलिकल पंथाची मते आहेत, असा कबुलीजबाबही नोंदवला. धर्मग्रंथाच्या इतिहासात स्वतःच्या कलाची अशी प्रांजळ कैफियत देणारे रूपांतरकार विरळा आहेत. दुर्दैव असे, की प्रस्तावना वाचण्याची वाचकांस फारशी सवय नसते.

अनुकूल मते देणाऱ्यांत आईबापांचा वर्ग सर्वांत मोठा असावा, यात नवल नाही, कारण पुस्तक त्यांच्याच गरजेतून निघाले होते. त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा, की ज्या पौलाची पत्रे चर्चमध्ये वर्षानुवर्षे कानावर पडूनही केवळ एक गंभीर नाद म्हणून ओळखीची होती, त्या पौलाला काहीतरी निकडीने सांगावयाचे आहे, तो रागावतो, विनवतो, मध्येच विषय सोडून दुसरीकडे वळतो, हे प्रथमच ध्यानात आले. दुसरा वर्ग तरुणांचा. त्यांच्यासाठी ‘द वे’ नावाची छायाचित्रयुक्त आवृत्ती १९७२ मध्ये निघाली, आणि चर्चपासून दुरावलेल्या पिढीने ती हाती घेतली. तिसरा वर्ग, ज्याच्याविषयी मला विशेष आस्था वाटते, तो ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही किंवा ज्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले त्यांचा. या वाचकांना प्राचीन इंग्रजीचे सौंदर्य ही दाराबाहेर उभे करणारी भिंत होती, आणि ती भिंत सौंदर्याची आहे म्हणून तिचे अस्तित्व कमी जाचक ठरत नव्हते.

प्रतिकूल मतांत मात्र एक मोठी विसंगती आढळते, आणि ती मला या प्रकरणाची किल्ली वाटते. लिव्हिंग बायबलविषयी सर्वांत गाजलेली तक्रार शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील विसाव्या अध्यायाबद्दल होती. शौल राजा आपला पुत्र योनाथान याच्यावर संतापून त्याच्या आईचा उद्धार करतो, असा तो प्रसंग आहे. टेलरने त्या जागी अमेरिकेच्या रस्त्यावर ऐकू येणारी तोडीस तोड शिवी घातली. ही शिवी मुलांच्या हाती देण्याच्या पुस्तकात पाहून असंख्य वाचक खवळले, आणि पुढील आवृत्त्यांत ती सौम्य करण्यात आली. वास्तविक मूळ हिब्रू वचन सभ्य मुळीच नाही. भर पंक्तीत, जेवणाच्या वेळी, बापाने मुलाला जन्मावरून हिणवावे इतका तो क्रोध अनावर आहे, आणि टेलरचे इंग्रजी त्या क्रोधाशी प्रामाणिक होते. याच्या उलट, शुभवर्तमानांत येशू स्वतःचा उल्लेख ‘मनुष्याचा पुत्र’ असा करतो त्या अनेक ठिकाणी टेलरने ‘मी, मसीहा’ किंवा ‘मी, स्वर्गातून आलेला मनुष्य’ अशा अर्थाचे शब्द घातले. ‘मनुष्याचा पुत्र’ या संज्ञेत येशूने आपल्या अधिकाराविषयी जे सूचित केले आणि जे मुद्दाम अनुच्चारित ठेवले, त्याचा उलगडा करण्यात विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत. मार्काच्या शुभवर्तमानात तर आपण कोण हे प्रकट करू नये अशी तो शिष्यांना ताकीद देतो. ते सारे मौन टेलरच्या एका शब्दाने भंग पावते, आणि अज्ञ वाचकाला त्याची वार्ताही लागत नाही. चिकित्सक परीक्षकांनी हा दोष दाखवून दिला, परंतु सर्वसामान्य वाचकांचा क्षोभ शिवीवर खर्च झाला. जिथे रूपांतरकार मुळाशी इमानी राहिला तिथे त्याच्यावर फिर्याद झाली, आणि जिथे त्याने आपला सिद्धान्त मुळाच्या मुखी घातला तिथे बहुतेकांनी ते निमूटपणे वाचले. कारण दुसऱ्या ठिकाणी वाचकाला जे वाचावयास मिळाले ते त्याच्या श्रद्धेला आधीच मान्य होते.

शास्त्राच्या नव्या रूपाविरुद्ध उठणारा प्रत्येक आवाज भावानुवादाविरुद्धच असतो असे मात्र समजू नये. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्ती ही नामांकित पंडितांच्या मंडळाने मूळ भाषांवरून, सर्व पद्धती सांभाळून केलेले भाषांतर होते; तरीही यशयाच्या सातव्या अध्यायात ‘कुमारी’च्या जागी ‘तरुण स्त्री’ अशा अर्थाचा शब्द आल्याबरोबर नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॉकी माउंट येथे एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळले. तेव्हा ज्या मजकुराशी बालपणापासून हृदय जडले आहे तो बदलला, याचे दुःख ही एक स्वतंत्र भावना आहे. ती आदरास पात्र आहे, परंतु तिला चिकित्सेचे प्रमाण मानता येत नाही.

या विषयाचा विचार करताना इंग्लंडातील जे. बी. फिलिप्स याला वगळणे अन्यायाचे होईल. किंबहुना कालक्रमाने त्याचेच नाव टेलरच्या आधी यावयास हवे. महायुद्धाच्या काळात लंडनच्या आग्नेय भागातील एका चर्चचा तो पाळक होता. बाँबवर्षावाच्या रात्री आश्रयाला जमणाऱ्या तरुण मुलामुलींना पौलाची पत्रे वाचून दाखवताना ती त्यांच्या कानांवरून निघून जातात असे त्याच्या ध्यानात आले; आणि ज्या पत्रांचे मूळ वाचक स्वतःच छळाच्या छायेत जगत होते, ती पत्रे मृत्यूच्या सावलीत बसलेल्या या मुलांना परकी वाटावीत ही गोष्ट त्याला असह्य झाली. त्याने १९४१ मध्ये मूळ ग्रीकवरून कलस्सैकरांस पत्र उतरवले आणि लेखक सी. एस. लुइस याच्याकडे पाठवले. लुइसने त्याला उत्तेजन दिले, पुढे ग्रंथाला नाव सुचवले आणि प्रस्तावनाही लिहिली. १९४७ मध्ये ‘लेटर्स टू यंग चर्चेस’ प्रसिद्ध झाले. लुइसच्या प्रस्तावनेतील युक्तिवाद आजही या वादातील सर्वांत भक्कम दाखला म्हणून पुढे करता येईल. त्याचे म्हणणे असे, की नव्या कराराची मूळ ग्रीक भाषा ही साहित्यिक अभिजात ग्रीक नव्हेच. ती पूर्व भूमध्य प्रदेशातील बाजाराची व व्यवहाराची भाषा होती, आणि ती ऐकून ज्याच्या अभिरुचीला धक्का बसतो त्याला, देवाने एका खेड्यातील स्त्रीच्या पोटी जन्म घेतला या गोष्टीनेही तसाच धक्का बसावयास हवा. किंग जेम्स आवृत्तीचे गांभीर्य हे अंशतः काळाने चढवलेले आहे, हा त्यातील गर्भितार्थ अनेक वाचकांना कडू वाटला असला तरी तो खोडून काढणे सोपे नाही.

फिलिप्सच्या ठिकाणी मला अधिक मोलाची वाटते ती त्याची उत्तरकालीन कृती. १९५८ मध्ये त्याचा संपूर्ण नवा करार प्रसिद्ध झाला आणि इतका लोकप्रिय झाला, की लोक त्यावरून वचने काढून आधारासाठी उद्धृत करू लागले, अभ्यासवर्गांत त्यावर विसंबू लागले. ज्या मोकळेपणाने त्याने घरगुती वाचनासाठी शब्द भरीस घातले होते, तो मोकळेपणा आता भलत्या कामी येऊ लागला आहे हे पाहून त्याने सगळा ग्रंथ पुन्हा ग्रीकशी ताडला, आणि १९७२ च्या सुधारित आवृत्तीत आपले अनेक जादा शब्द काढून टाकले. वाचक आपल्या पुस्तकाचा काय उपयोग करतात हे पाहून लेखकाने आपली मुभा स्वतःहून आखडती घ्यावी, हे इमान दुर्मीळ आहे. टेलरच्या संस्थेनेही अखेर तोच मार्ग धरला: १९८९ पासून सुमारे ९० विद्वानांकडे लिव्हिंग बायबलच्या सुधारणेचे काम सोपवण्यात आले, आणि १९९६ साली जे बाहेर पडले ते भावानुवाद न राहता ‘न्यू लिव्हिंग ट्रान्स्लेशन’ या नावाचे रीतसर भाषांतर झाले होते.

भावानुवाद हे विसाव्या शतकाचे अपत्य आहे असा समज काही वाचकांच्या मतांत डोकावतो. तो निराधार आहे. बाबिलोनच्या हद्दपारीनंतर यहुदी समाजात अरामी भाषा रुळली, तेव्हा सभास्थानात हिब्रू नियमशास्त्राचा पाठ झाल्यावर त्याचा अरामी भावार्थ सांगण्याची वहिवाट पडली. त्यालाच तार्गुम म्हणतात. या वहिवाटीतील एक नियम अत्यंत अर्थपूर्ण आहे. पाठ करणाऱ्याने गुंडाळीत पाहूनच वाचावे आणि भावार्थ सांगणाऱ्याने मात्र लिखिताकडे न पाहता तोंडाने सांगावे, हेतू हा, की श्रोत्यांनी अर्थालाच मूळ संहिता समजू नये. एकाच सभेत दोन्ही आवाज, पण कोणता आवाज कोणाचा याविषयी संभ्रमाला जागा नाही. इतकी साधी आणि इतकी शहाणी तजवीज आधुनिक छापखान्यांस सुचली असती, तर या विषयावरील निम्मे वाद उद्भवलेच नसते. इंग्लंडचा बालराजा सहावा एडवर्ड याच्या राजवटीत १५४७ साली निघालेल्या हुकुमातही हाच विवेक दिसतो: प्रत्येक परगण्याच्या चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवावे, आणि त्याच्यासोबत इरॅस्मसने शुभवर्तमानांवर लिहिलेला भावानुवाद इंग्रजीतून ठेवावा. जोडीला ठेवावा, जागी नव्हे. आणि वाचकाची तक्रारही तितकीच जुनी आहे, कारण विंचेस्टरचा बिशप स्टीफन गार्डिनर याने त्याच वर्षी फ्लीट तुरुंगातून पत्रे लिहून त्या भावानुवादात व त्याच्या इंग्रजी रूपात चुकांचा सुकाळ आहे, असा आक्षेप सरकारदरबारी नोंदवला होता.

आता ज्या रूपांतराने मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले त्याकडे वळतो. जॉर्जिया राज्यातील अमेरिकस गावाजवळ क्लॅरेन्स जॉर्डन याने १९४२ मध्ये कोइनोनिया नावाची शेती वसवली. शेतकीचे शिक्षण घेतलेला आणि नव्या कराराच्या ग्रीकमध्ये डॉक्टरेट मिळवलेला हा गोरा बॅप्टिस्ट, गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एका पंक्तीस बसून जेवावे आणि एकाच खळ्यावर राबावे, एवढाच आग्रह धरून होता. परंतु त्या काळच्या दक्षिणेत तेवढा आग्रह पुरेसा होता. त्यांच्या मालावर बहिष्कार पडला, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, रस्त्यालगतचे त्यांचे विक्रीकेंद्र स्फोटाने उडवण्यात आले. या वातावरणात जॉर्डनने ‘कॉटन पॅच’, म्हणजे कापसाच्या शेताची, आवृत्ती लिहिली. १९६८ पासून तिचे खंड बाहेर पडू लागले. त्याने भाषाच नव्हे तर भूगोल आणि इतिहासही बदलला. त्याच्या शुभवर्तमानात येशूचा जन्म जॉर्जियातील गेन्सव्हिल येथे होतो, यरुशलेमच्या जागी अटलांटा येते, रोमकरांस पत्र हे वॉशिंग्टनकरांस पत्र होते, यहुदी आणि परराष्ट्रीय यांची जागा गोरा आणि काळा हे शब्द घेतात. जखमी वाटसरूला उचलून नेणारा शोमरोनी हा काळा माणूस असतो. आणि क्रूसावरील मृत्यू हा झुंडीने झाडाला टांगून केलेल्या हत्येच्या रूपाने येतो. क्रूसारोहणाला कोणताच आधुनिक पर्याय पुरा पडत नाही, हे जॉर्डनने स्वतःच मान्य केले होते. तथापि ज्या दक्षिणेत अशा हत्या पिढ्यान्‌पिढ्या घडल्या आणि त्या करणारे पुष्कळसे लोक रविवारी चर्चमध्ये बसत, तिथे तो पर्याय केवळ साहित्यिक अलंकार नव्हता. जॉर्डन १९६९ च्या ऑक्टोबरात आपल्या लेखनाच्या खोपटातच वारला; योहानाचे शुभवर्तमान अर्धवट राहिले.

या आवृत्तीविषयीची मते टोकाची असावीत हे स्वाभाविकच होते. कोणी तिला प्रहसन म्हटले, कोणी पाखंड. ज्यांनी वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात आयुष्य घातले त्यांना ती आपल्या काळातील एकमेव खरे रूपांतर वाटली. पुढे तिच्यावर संगीतनाटकही रंगभूमीवर आले. परंतु एक गोष्ट कोणाही वाचकाच्या बाबतीत घडली नसेल: गेन्सव्हिल हे बेथलेहेमचे मूळ नाव आहे असे समजून त्याची फसगत झाली नसेल. जॉर्डनने घेतलेले स्वातंत्र्य टेलरच्या शतपट आहे आणि तरीही त्यापासून होणारा अपाय शतांश आहे, कारण ते प्रत्येक ओळीत उघडे पडलेले आहे. वाचक एकाच वेळी पहिल्या शतकातील घटना आणि तिच्याविषयी एका विसाव्या शतकातील माणसाची साक्ष अशा दोन्ही गोष्टी वाचतो, आणि त्यांतील अंतर त्याला सतत दिसत राहते.

मराठी वाचकाला हा भेद नवीन वाटू नये. भगवद्गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे ९,००० ओव्यांची भावार्थदीपिका उभारली, आणि विनोबांनी श्लोकास श्लोक धरून गीताई सिद्ध केली; या दोहोंपैकी कोणते पुस्तक कशासाठी उघडावयाचे हे घरातील वृद्ध बायकांसही न सांगता कळते, आणि ज्ञानेश्वरांनी मुळात नसलेले दृष्टान्त घातले अशी तक्रार घेऊन कोणी येत नाही. ग्रंथावर नाव ज्ञानेश्वरांचे आहे, बोल त्यांचे आहेत, आणि ते तसे असल्याचे प्रत्येक अध्यायात ते स्वतःच श्रोत्यांस सांगत असतात. याच परंपरेचा हात धरून इंग्लंडातून गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मोपदेशकाने क्रिस्तपुराण रचले. तो १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे सुमारे ११,००० ओव्यांचे पुराण छापले गेले. जुन्या करारापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचे कथानक ओवीत सांगणारा तो एक विस्तीर्ण भावानुवादच होय. आणि त्याच्या निर्मितीचे कारण ग्रंथातच दिलेले आहे, ते असे, की पूर्वीची पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांनी त्यांच्या जागी काहीतरी द्या अशी मागणी केली. शास्त्राच्या रूपांतराविषयी मराठी श्रोत्यांनी दिलेले हे बहुधा सर्वांत जुने लिखित मत असावे. गोव्यातील आणि नंतर मंगळूरकडील चर्चांतून ते मोठ्याने वाचले जाई. छापील जुनी प्रत एकही शिल्लक नाही. हस्तलिखितांनी आणि लोकांच्या मुखाने ते तगले, आणि १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीत, तर १९५६ साली देवनागरीत ते पुन्हा छापून निघाले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून निराळे, आणि मला वाटते या वादात ते फारच थोड्यांनी लक्षात घेतले आहे. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या मुक्तिसदनातील खेड्यापाड्यांतून आलेल्या, दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या मुलींना समजत नाही, ही टेलरच्या घरातलीच अडचण त्यांच्यापुढे अर्धशतक आधी उभी राहिली. ज्यांचे संस्कृत पांडित्य पाहून कलकत्त्याच्या पंडितसभेने पदव्या दिल्या, त्या रमाबाईंना गीर्वाण शब्दांचे ऐश्वर्य सोडून देणे जड गेले नाही. परंतु त्यांनी भावार्थाचा मार्ग धरला नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांवरून, मुळाला चिकटून, साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले; खिळे जुळवण्यापासूनचे काम मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांनी केले. १९२२ च्या एप्रिलात त्यांचा देहान्त झाला आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो मंडळ्यांत सर्वत्र रूढ झाला नाही. तथापि सोपेपणासाठी शब्दशः निष्ठा सोडावीच लागते, हा भावानुवादाच्या कैवाऱ्यांचा आवडता सिद्धान्त रमाबाईंच्या कामाने पुष्कळच सैल पडतो. त्यांच्यासारखा उद्योग मात्र हवा.

आजच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही हा विषय निघाला की मते वयाप्रमाणे विभागलेली दिसतात. ज्यांनी शब्बाथ शाळेत बायबल सोसायटीच्या जुन्या प्रतीवरून वचने मुखोद्गत केली, त्यांना नव्या सोप्या आवृत्तीतील तेच वचन ऐकताना पाय अडखळल्यासारखे होते. अंत्यविधीच्या वेळी त्यांना जुनेच शब्द हवे असतात. मराठी शाळा ज्यांच्या वाट्याला आली नाही त्या नातवंडांना ‘प्रायश्चित्त’ आणि ‘नीतिमत्त्व’ हे शब्द परीक्षेतल्यासारखे वाटतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. पाठान्तराचा मुद्दा मला विशेष वजनाचा वाटतो, कारण ज्या समाजात प्रत्येकाच्या हाती निराळे रूपांतर आहे त्या समाजाला एकत्र उच्चारावयाचे समान शब्द उरत नाहीत, आणि उपासना ही अखेर एकत्र उच्चाराची गोष्ट आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २०१० साली प्रसिद्ध झालेले ‘सुबोध बायबल’ ख्रिस्तेतर मराठी वाचकांच्याही हाती गेले, ते मुख्यत्वेकरून लेखकाचे नाव, त्याची भूमिका आणि त्याची विवरणे त्या ग्रंथात उघडपणे उपस्थित असल्यामुळे.

आता पुन्हा अमेरिकेतील रूपांतरांकडे वळतो. यूजीन पीटरसन हा मेरिलँड राज्यातील बेल एअर गावचा प्रेस्बिटेरियन पाळक. हिब्रू आणि ग्रीक यांचे त्याने अध्यापन केलेले. आपल्या मंडळीतील प्रौढांच्या एका वर्गात गलतीकरांस पत्र शिकवताना कोणाच्याच चेहऱ्यावर काही हलेना, तेव्हा तो ते स्वतःच्या अमेरिकन बोलीत लिहू लागला. त्यातून ‘द मेसेज’ जन्मास आले, नवा करार १९९३ मध्ये आणि संपूर्ण ग्रंथ २००२ मध्ये. आरंभीच्या आवृत्तीत वचनांचे अनुक्रमांकच नव्हते. यावर वाचकांचे दोन तट पडले: सलग वाचणाऱ्यांना पत्र हे पत्रासारखे आणि कथा कथेसारखी वाचता आली, तर प्रवचन ऐकताना स्थळ शोधणाऱ्यांची पंचाईत झाली, आणि पुढे अनुक्रमांक घालावे लागले. आयर्लंडचा गायक बोनो याने आपल्या वाद्यवृंदाच्या जलशांत त्यातील स्तोत्र म्हणून दाखवले, आणि चर्चचा उंबरा न ओलांडणाऱ्या हजारोंच्या कानी ते पडले. परंतु स्वतः पीटरसनला, उपासनेतील शास्त्रपाठ म्हणून आपला मजकूर वाचला जात असल्याचे ऐकून अस्वस्थ वाटे, हे त्याने मुलाखतीत सांगितले आहे. घरी वाचण्यासाठी, मूळ शब्द पुन्हा जिवंत करण्यासाठी लिहिलेले पुस्तक व्यासपीठावर मुळाच्या जागी बसावे हे त्याला रुचत नव्हते. रूपांतरकाराचे आपल्याच पुस्तकाविषयीचे हे मत मी सर्व वाचकांच्या मतांहून अधिक प्रमाण मानतो.

याच्या अगदी उलट दिशेचे उदाहरण ‘द पॅशन ट्रान्स्लेशन’चे. ब्रायन सिमन्स याच्या या आवृत्तीने नावातच भाषांतराचा दावा केला. तिच्या स्तोत्रसंहितेचे परीक्षण करणाऱ्या एका हिब्रू अभ्यासकाने २०१८ च्या लेखात दाखवून दिले, की तीतील मजकूर मुळाहून किमान निम्म्याने लांब आहे. २०२२ मध्ये इंटरनेटवरील एका मोठ्या बायबलसंग्रहाने ती आवृत्ती काढून टाकली. तिचे कृतज्ञ वाचक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. परंतु ज्या भावना त्यांना दाविदाच्या म्हणून वाचावयास मिळतात त्यांतील कोणत्या दाविदाच्या आणि कोणत्या सिमन्सच्या, हे सामान्य वाचकाला सहज ओळखता येत नाही, हा माझा आक्षेप आहे. तोच मजकूर भक्तिपर चिंतन म्हणून छापला असता तर त्यावर एकही फिर्याद दाखल झाली नसती.

तेव्हा मराठीत शास्त्राची नवी रूपांतरे सिद्ध करणाऱ्या मंडळांस व प्रकाशकांस माझी विनंती आहे, की भावार्थ अवश्य लिहावा, मोकळेपणाने लिहावा, पण ग्रंथाच्या पहिल्याच पानावर, प्रस्तावनेच्या आडोशाला नव्हे, हा भावानुवाद आहे की भाषांतर, तो कोणत्या मूळ पाठावरून केला, आणि तो करणारा हात कोणाचा, या तीन गोष्टी ठळक अक्षरांत छापाव्यात. आणि येत्या नाताळात आपल्या मुलांच्या हाती नवे बायबल देऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी ते पान वाचल्यावाचून, आणि जुनी प्रत शेजारी ठेवल्यावाचून, ते देऊ नये.